वज्र कोणाचं?

बाळकुम नाका मागे पडला आणि कशेळीचा पूल ओलांडला की ठाणं संपतं, भिवंडी तालुका लागतो. पुलाखालून उल्हास नदी खाडी होऊन वसईच्या दिशेने चाललेली असते. पलीकडे आधी कशेळी, मग काल्हेर, पुढे पूर्णा, राहनाळ. ही सगळी आगरी वस्तीची गावं. खाऱ्या पाण्याला बांध घालून भात पिकवायचं, खाडीत मासे धरायचे, रेती काढायची, असं इथलं जुनं जगणं. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं आहेत. पत्र्याच्या छपरांची रांग संपता संपत नाही. एखादा कंटेनर मागे घ्यायला लागला की अख्खी वाहतूक खोळंबते. डोक्यावरून मेट्रोचे खांब ठाण्याहून भिवंडीकडे निघाले आहेत. मुंबईत लोक घरबसल्या मागवतात त्यातल्या कितीतरी वस्तू याच गावांमधल्या फळ्यांवरून उचललेल्या असतात.

यातल्या एका गावात मी गेले ती लग्नाच्या निमित्ताने. ठाण्यात आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवत होतो, त्या मैत्रिणीचं माहेर काल्हेर. तिच्या भाच्याचं लग्न वैशाखात होतं. लग्न तोंडावर आलं, तशी ती म्हणाली, "पत्रिका ठेवायला वज्रेश्वरीला चाललोय. धवलारीण मावशी पण येताहेत. चल." देवीविषयी मी बरंच वाचलेलं होतं. सप्तशती, सौंदर्यलहरी, रा. चिं. ढेऱ्यांची पुस्तकं. शिव शक्तीवाचून हलूही शकत नाही, हे सौंदर्यलहरीच्या पहिल्याच श्लोकातलं म्हणणं मला तोंडपाठ होतं. पण शक्ती नावाची ही गोष्ट माणसांच्या घरात नेमकी कुठे राहते, कोणाच्या हातात असते, हे पोथीत शोधून सापडत नाही. ते मला या वाटेवर दिसलं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी धवलारणीबद्दल सांगायला हवं. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, अक्षता पडतात. पण मांडवापासून हळदीपर्यंतच्या कितीतरी विधींचा कारभार एका बाईकडे असतो. ती धवलारीण, आणि ती गाते ते धवले. देवांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं, गेलेल्या वाडवडिलांना बोलवायचं, कोणत्या वेळी काय मांडायचं, कोणी पुढे यायचं, हे सगळं ती गाण्यातून चालवते. हातात पोथी नसते. सगळं मुखोद्गत. एका बाईकडून दुसरीकडे, ऐकून ऐकून आलेलं. ठाणे-रायगडच्या पट्ट्यात ही चाल जुनी आहे. वरच्या अंगाला वारल्यांमध्येही लग्नात धवलेरी असते. तिच्या गाण्याबरोबर सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्यात पालघाट देवी बसवतात. पालघाट आल्याशिवाय लग्न लागत नाही. वारली चित्रं १९७० नंतर जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर गेली. त्याआधी ती काढण्याचा हक्क या सुवासिनींचा होता, हे मात्र चित्रं विकत घेणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

मावशी सत्तरीच्या पुढच्या. हिरवं नऊवारी, कपाळावर भलंमोठं कुंकू, आवाज थोडा घोगरा. मला बघून म्हणाल्या, "ये बाय, बस. च्या घेतलास?" आणि उत्तराची वाट न बघता आत चहाची ऑर्डर गेली.

पहिली पत्रिका गावदेवीची. या सगळ्या किनारपट्टीवर गाव तिथे गावदेवी आहे. मुंबई या महानगराचं नावही कोळ्यांच्या मुंबादेवीवरून आलेलं आहे. गावदेवी बहुधा मूर्तीच्या रूपात नसतेच. तांदळा असतो, शेंदूर माखलेला पाषाण, आणि त्याला बसवलेले डोळे. ढेऱ्यांनी 'लज्जागौरी'त या मातृदेवतांचा माग काढत काढत भूमीपर्यंत नेलं. जमीन हीच आई, पिकणं हीच तिची शक्ती. नवरात्रात आपण घटाभोवती माती पसरून धान्य पेरतो, तेव्हा नकळत तेच करत असतो. मावशींनी तांदळ्यासमोर पान, सुपारी, नारळ ठेवला, पत्रिकेला हळदकुंकू लावलं आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "पोराचा लगीन हाय. तुला येवाच लागंल." मी आजवर देवळात हात जोडून मागणारी माणसं पाहिली होती. ही बाई मागत नव्हती. आमंत्रण देत होती, आणि नकार ऐकायची तयारी तिच्या आवाजात नव्हती.

अंजूरफाट्यावरून आम्ही भिवंडीकडे वळलो. खाडीकाठचं अंजूर गाव इथून जवळच. वज्रेश्वरीच्या आजच्या देवळाची गोष्ट खरं तर अंजुरातच सुरू होते. साष्टी आणि वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. देवळं पडत होती, लोकांना धर्म राखणं अवघड झालं होतं. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांकडे मोहिमेसाठी खटपट चालवली. साष्टीच्या बखरीत ती आली आहे. १७३७ साली ठाणं घेतलं गेलं. वसई मात्र हाती येईना. बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा या भागात मुक्कामाला असताना त्यांनी देवीला नवस बोलला: किल्ला मिळाला तर तुझं देऊळ बांधीन. १६ मे १७३९ रोजी वसई पडली. नवस फेडायचं काम सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकडे आलं. त्याआधी देवीचं ठाणं उत्तरेला गुंज गावी होतं आणि पोर्तुगिजांनी ते देऊळ मोडल्याचं सांगतात.

गाडीत हे सगळं मी मावशींना सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किल्ला कोनी घेतला?" मी म्हटलं, "चिमाजी अप्पांनी." त्या म्हणाल्या, "तिनं दिला म्हनून घेतला." विषय संपला.

भिवंडी गावात यंत्रमागांचा खडखडाट गल्लीगल्लीतून ऐकू येतो. कामवारी नदी ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलं की हळूहळू तो मागे पडतो. अनगाव, मग अंबाडी. गोदामं विरळ होतात, वीटभट्ट्या दिसतात, साग दिसतो, पळस दिसतो. अंबाडीवरून डावीकडे वळलं की तानसा नदीचं खोरं. तिथल्या वडवली गावाला देवीमुळे वज्रेश्वरी हेच नाव पडलं.

देऊळ मंदाग्नी टेकडीच्या कुशीत आहे आणि लांबून किल्ल्यासारखं दिसतं. भोवती दगडी तट, पुढे दीपमाळ, दारावर नगारखाना. हा नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला; त्यांचाही नवस फळला होता. चढायला ५२ दगडी पायऱ्या. मधे एका पायरीवर सोनेरी कासव कोरलेलं आहे, त्याला कूर्म म्हणून पूजतात. चढणारा प्रत्येक जण तिथे वाकतो, हात लावतो, पुढे जातो. चैत्री अमावस्येची जत्रा नुकतीच होऊन गेली होती. तिच्या खुणा पायऱ्यांवर होत्याच: गुलाल, फुटलेल्या बांगड्यांची काच, सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

गाभाऱ्यात वज्रेश्वरी एकटी नाही. मधोमध ती, शेंदरी, हातांत तलवार आणि गदा. डावीकडे रेणुका, आणि वणीची सप्तशृंगी. उजवीकडे कालिका, आणि हातात परशू घेतलेला परशुराम. मी बराच वेळ या मांडणीकडे बघत राहिले. कालिका ही इथली ग्रामदेवता. नवसाने बांधलेल्या, पेशवाईच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या देवळात गावाची देवी बाहेर काढली गेली नाही. तिला गाभाऱ्यात, शेजारी जागा मिळाली. रेणुका आणि सप्तशृंगी म्हणजे महाराष्ट्राच्या साडेतीन पीठांपैकी माहूर आणि वणी. कोल्हापूरची महालक्ष्मी आणि तुळजापूरची भवानी धरली की साडेतीन पुरी होतात. आणि परशुराम? बापाच्या आज्ञेने आईचं शिर उडवणारा मुलगा तिच्याच दारात देवीच्या उजव्या हाताला उभा. ती कथा मला लहानपणापासून टोचत आली आहे. पण लोकांनी त्या कथेचं काय केलं, ते बघण्यासारखं आहे. माहूरला रेणुकेचं नुसतं मुख पुजलं जातं. जे उडवलं, तेच उरलं, आणि त्यालाच अर्ध्या महाराष्ट्राने आई म्हटलं. कोकण ज्याने समुद्रातून वर काढलं असं आपण मानतो, तो परशुराम इथे आईच्या वाड्यातला मुलगा म्हणून उभा आहे.

देवीच्या नावामागे वज्र आहे, आणि त्याच्या दोन कथा आहेत. एका कथेत वसिष्ठ ऋषी यज्ञ मांडतात आणि इंद्राला आहुती द्यायची राहते. चिडलेला इंद्र वज्र फेकतो. देवी प्रकटते आणि ते वज्र गिळून टाकते. दुसऱ्या कथेत एका राक्षसाला मारायला इंद्र वज्र सोडतो आणि त्या वज्रातूनच देवी बाहेर पडते. पहिल्या कथेत देवी आधीच आहे आणि देवांच्या राजाचं हत्यार तिच्या पोटात जातं. दुसरीत ती त्या हत्यारातून जन्माला येते. फरक लहान नाही. शक्ती देवांकडून आलेली आहे, की देवच तिच्याकडून मागून आणलेल्या बळावर उभे आहेत?

सप्तशतीतही हाच पेच आहे. मार्कंडेय पुराणातले हे १३ अध्याय, ७०० मंत्र. दुसऱ्या अध्यायात महिषासुराने गांजलेल्या देवांच्या अंगातून तेज निघतं, ते एकवटतं आणि त्यातून देवी होते. मग प्रत्येक देव तिला आपापलं आयुध देतो. शंकर त्रिशूळ, विष्णू चक्र, इंद्र वज्र, हिमालय सिंह. इथवर वाचलं तर वाटतं, ही सगळ्या देवांनी मिळून उभी केलेली. पुढे दहाव्या अध्यायात शुंभ तिला हेच टोचून म्हणतो: तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस. त्यावर देवी सांगते की या जगात मी एकटीच आहे, दुसरं कोण आहे? आणि सोबतच्या साऱ्या देवी तिच्यात विरून जातात. म्हणजे ते तेज देवांचं नव्हतंच. त्याच्याही फार आधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाक् नावाची ऋषिका 'मी' म्हणून बोलते आणि देवांना मीच धरून आहे असं सांगते. पुराणातली देवी त्या सूक्ताची नात शोभते.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी मावशींना विचारलं, "मावशी, वज्र इंद्राचं की हिचं?"

त्या देवीच्या ओटीत तांदूळ घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तिचाच. इंदराला नुसता धराला दिलेला."

दोन कथांमधलं अंतर एका वाक्यात बुजवणारं इतकं थेट उत्तर मी कुठल्या भाष्यात वाचलेलं नाही. मग मात्र त्यांनी मान वर केली आणि पत्रिका पुजाऱ्याच्या हातात दिली. देवीच्या पायाशी नीट ठेवायला लावली. वाकडी ठेवली होती ती सरळ करायला लावली.

ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'ची सुरुवातच शिवशक्तीपासून केली आहे. पहिल्या प्रकरणात ते एक घर रंगवतात. घरात दोघंच. स्वामी शेजेवर गेले की स्वामिनी जागी राहते आणि दोघांचं म्हणून जे काही आहे ते एकटी सांभाळते. इतक्या उंच तत्त्वज्ञानाच्या आरंभी हा संसार येतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं, आणि दर वेळी हेही वाटतं की त्या जागणाऱ्या स्वामिनीचं नाव घराच्या कागदावर कधी लागलं का?

तो प्रश्न अकलोलीच्या कुंडांवर निघाला. तानसेच्या काठाने अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी अशी गरम पाण्याची कुंडं आहेत. पाण्याला गंधकाचा वास. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त अजून उकळतं आहे, अशी लोकसमजूत. आम्ही पाय सोडून बसलो होतो. पहिल्यांदा चटका बसतो, मग पोटऱ्या सैल पडतात. मैत्रीण म्हणाली, भावाने जमीन गोदामाला द्यायची ठरवली आहे, हक्कसोड पत्रावर सही मागतोय, काय करू?

काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडा, माणकोली, या सगळ्या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी आहे. भात पिकत होतं तेव्हा बहिणीचा वाटा म्हणून कोणी आठवण काढत नव्हतं, कारण वाटून येणार काय? गोदामांनी जमिनीला भाव आणला आणि बहिणींच्या सह्यांना किंमत आली. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. देशाच्या कायद्यात तो २००५ मध्ये आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा आहे हे पक्कं केलं. तरी राखीपौर्णिमेच्या आसपास हक्कसोड पत्रं होत राहतात. भूमीला आई म्हणणाऱ्या, देवीच्या नावाने जत्रा भरवणाऱ्या आपल्या समाजात मुलीने सही केली तर ती गुणाची आणि नाही केली तर माहेर तोडणारी ठरते. याचा मला संताप येतो आणि तो लपवावा असं मला वाटत नाही. शक्तीचं स्तोत्र म्हणताना जे घशात अडकत नाही, ते सातबाऱ्यावर नाव लावताना का अडकावं?

मावशी पाण्यात पाय हलवत होत्या. म्हणाल्या, "मी नाय केली सही."

आम्ही दोघी बघतच राहिलो.

"भाऊ बोलाचा बंद झाला. घरी येनं-जानं बंद. मंग त्याचे पोरीचा लगीन निंगाला." त्या हसल्या. "धवलारीन कोन आननार? गावान मीच. आला. दारान उभा ऱ्हायला. मी बोलली, बस, च्या पी. गेली मी लग्नाला. सगले देव बोलावले. पन सही नाय केली."

मैत्रिणीने पुढे काही विचारलं नाही. मी मात्र मनातल्या मनात अमृतानुभवातल्या स्वामिनीला काल्हेरचा पत्ता सांगितला.

गणेशपुरीला थोडंच थांबलो. नित्यानंदांची समाधी इथे आहे; १९६१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांचे शिष्य मुक्तानंद यांनी इथला शक्तिपात परदेशी नेला. सत्तरच्या दशकात अमेरिकेतली माणसं कुंडलिनी जागी करायला या तानसेच्या खोऱ्यात येऊन राहू लागली. मुक्तानंदांच्या आत्मकथनाचं नावही 'चित्शक्तिविलास'. १९८२ मध्ये ते गेले, आणि गादी पुढे गुरुमाई चिद्विलासानंद यांच्याकडे, म्हणजे एका स्त्रीकडे आली. त्यांचा इथला आश्रम, तिथली शांतता, स्वच्छ वाटा, सारं सुरेख आहे. पण त्या दिवशी माझं मन मणक्यातून वर चढणाऱ्या शक्तीपेक्षा शेजारी गाडीत बसून पान लावणाऱ्या शक्तीपाशी जास्त गुंतलेलं होतं.

हळदीच्या दिवशी मी पुन्हा काल्हेरला गेले. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. मांडव गल्ली भरून, जेवणाच्या पंगती, आणि गल्लीच्या तोंडाला डीजे. स्पीकर एकावर एक रचलेले, जमीन हादरत होती. पोरं बेभान नाचत होती. नवरदेवाला पाटावर आणून बसवलं तरी आवाज कमी होईना. घरातल्या पुरुषांनी हातवारे केले, कोणी ऐकलं नाही.

मावशी उठल्या. गर्दीतून डीजेपर्यंत चालत गेल्या आणि त्या पोराच्या समोर नुसता हात वर केला. गाणं मधेच तुटलं. गल्लीत एकदम पोरांचे श्वास ऐकू यायला लागले. परत येऊन त्या पाटाच्या शेजारी बसल्या, कानावर हात ठेवला आणि धवला सुरू केला. सोबत चार बायका, त्यातली एक विशीतली, मोबाइलवर शब्द टिपून ठेवलेली. मावशींची नजर तिच्याकडे गेली की ती मोबाइल पदराआड घ्यायची आणि आठवून गायची.

देवांची नावं येत गेली. गावदेवी आधी. मग वज्रेश्वरी. मग कार्ल्याची एकवीरा, जिच्याकडे चैत्रात या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळ्यांच्या पालख्या घाट चढून जातात. दामोदर कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी'त पश्चिम महाराष्ट्रातल्या मातृदेवतांची ठिकाणं पायी हिंडून नोंदवली आणि कार्ल्याच्या लेण्यांपाशी किनाऱ्यावरचे कोळी का येतात याचा विचार केला. इथे त्याचं उत्तर कोणी शोधत नव्हतं. एकवीरेला नावाने हाक मारली जात होती आणि ती येणार हे सगळ्यांनी धरलेलं होतं. मग शंकर, मग मारुती, मग घरातली गेलेली माणसं, एकेकाच्या नावाने. नवरदेवाच्या आजोबांचं नाव आलं तेव्हा त्याच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मावशी थांबल्या नाहीत. पुढचं नाव घेतलं. बारीक वाटलेली ओली हळद परातीत होती. पहिलं बोट कोणी लावायचं, हेही त्याच सांगत होत्या, गाण्यातूनच, आणि ज्याचं नाव येईल तो पुढे येत होता. माझ्या मैत्रिणीचा भाऊही. तिने सही केली की नाही, हे मी विचारलं नाही. पण ती मांडवाच्या मधोमध, भावाच्या अगदी शेजारी बसली होती.

शेवटचं नाव झालं. मावशींनी नवरदेवाच्या गालावर हळद चोळली, हात पदराला पुसले आणि डीजेवाल्याकडे बघून ओरडल्या, "लाव आता!" पहिल्या ठोक्याबरोबर त्यांनी पदर कमरेला खोचला आणि नाचायला सगळ्यांच्या आधी त्याच उतरल्या.